तारेकडून आकड्याकडे

नगाऱ्यापुढे टिमकीचे काय चालणार, असे आपण म्हणतो. 1920 नंतरच्या दशकात अमेरिकेतील वाद्यवृंदांत गिटारवादकाची अवस्था नेमकी हीच होती. तुताऱ्या आणि ढोल यांच्या कल्लोळात त्याचे वादन बुडून जाई. आज तीच गिटार एका छोट्या पेटीच्या मध्यस्थीने लॅपटॉपला जोडता येते व तिचा स्वर आकड्यांच्या रूपाने साठवता येतो. या दोन टोकांमधील वाट आज आपण थोडी चालून पाहू.

तिचा आरंभ 1831 सालचा. चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, हे मायकेल फॅरडे यांनी त्या वर्षी दाखवून दिले. बरोबर शंभर वर्षांनी लॉस एंजेलिसचे हवाईयन गिटारवादक जॉर्ज बीचम यांनी हा नियम वाद्याला लावला. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की खालच्या वेटोळ्यात तशीच थरथरणारी वीज उमटे. अॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साहाय्याने 1932 मध्ये हे वाद्य बाजारात आले. लोकांनी त्याच्या आकारावरून त्याला दांड्याचा तवा ठरवले! पेटंटचा अर्ज 1934 चा, मंजुरी 1937 ची. तोवर इतरांनीही विजेच्या गिटारी विकावयास काढल्या होत्या. 1939 मध्ये चार्ली ख्रिश्चन हा तरुण बेनी गुडमनच्या वाद्यमेळ्यात आला आणि गिटार प्रथमच तुतारीच्या बरोबरीने बोलू लागली. 1942 मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, तो गेला.

दुसरा धागा टेलिफोनचा. 1937 मध्ये पॅरिस येथे काम करणारे इंग्रज अभियंते अॅलेक रीव्हज यांना सुचले की, आवाजाची लाट पाठविण्याऐवजी तिची ठराविक क्षणांची मापे आकड्यांत पाठवावी. व्हॉल्व्हच्या त्या काळात हे फार खर्चाचे होते; ट्रान्झिस्टरने ते आटोक्यात आणले. 1982 मध्ये निघालेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर सेकंदाला 44,100 मापे असतात व प्रत्येक माप 65,536 पायऱ्यांपैकी एकीवर बसविलेले असते.

मग गिटारची वायर थेट लॅपटॉपच्या मायक्रोफोनच्या भोकात का घालू नये? कारण गिटारचा प्रवाह फार दुबळा. समोरचा विरोध कमी असला की त्याचा जोर खचतो आणि स्वराची धार बोथट होते. म्हणून मधल्या पेटीत सुमारे दहा लाख ओहमचा विरोध ठेवतात. तीच पेटी मापे घेऊन यूएसबीच्या वाटेने संगणकाला देते. संगणक 256 मापांची एकेक खेप उचलत असेल, तर एका खेपेस सुमारे 6 मिलिसेकंद लागतात. जाण्यायेण्यात निदान दुप्पट. तेवढ्या वेळात हवेतून आवाज चार मीटर जातो. म्हणजे वादक आपलीच गिटार चार मीटरांवरून ऐकतो, एवढेच.

या इतिहासाकडे केवळ यंत्रांची वंशावळ म्हणून पाहणे आम्हांला पुरेसे वाटत नाही. पूर्वी ध्वनिमुद्रणासाठी स्टुडिओचे दार ठोठवावे लागे, आणि ते कोणासाठी उघडायचे हे दुसरेच कोणी ठरवीत. आज लहान गावातला मुलगा आपल्या खोलीत बसून ते काम करू शकतो. टिमकीला नगाऱ्याची परवानगी लागेनाशी झाली. पण टिमकीवर काय वाजवायचे, हे मात्र कोणतीही पेटी सांगत नाही. तो रियाज ज्याचा त्यानेच करावयाचा आहे.