शाळेला नकार देणारे एकोणीस कैदी



कामानिमित्त सॅन फ्रान्सिस्कोला गेलं की अल्कट्राझचा तुरुंग पाहूनच या, असं सगळे सांगतात. पियर ३३ वरून बोट सुटते आणि थोड्याच वेळात बेटावर पोचवते. कानाला हेडफोन लावून आपण कोठड्यांमधून फिरतो. अल कपोन इथे होता, १९६२ च्या जूनमध्ये तीन कैदी अंथरुणात नकली डोकी ठेवून इथूनच निसटले, हे सगळं ऐकायला मिळतं. १९३४ ते १९६३ या काळातल्या या गोष्टी सिनेमांमुळे आपल्यालाही थोड्याफार ठाऊक असतात.

मला सांगायचं आहे ते त्याआधीच्या कैद्यांबद्दल. मुलांना शाळेत पाठवायला नकार देणं हा त्यांचा एक गुन्हा होता. म्हणून शाळेच्या स्मरणिकेसाठी हाच विषय निवडला.

तेव्हा हे बेट लष्करी तुरुंग होतं. ३ जानेवारी १८९५ रोजी ॲरिझोनातल्या ओराइबी गावचे १९ होपी पुरुष इथे आणले गेले. लोमाहोंग्योमा हा त्यांचा प्रमुख. होपींची शेतं कुळाची असत आणि आईकडून लेकीकडे जात. सरकारला जमिनीचे वेगवेगळे तुकडे करून हवे होते, आणि मुलं हवी होती दूरच्या कीम्स कॅनियनच्या निवासी शाळेत. त्या काळच्या अशा शाळांमध्ये मुलांचे केस कापत, नावं बदलत, घरची भाषा बोलू देत नसत. काही होपी कुटुंबांनी शाळा स्वीकारली. या १९ जणांनी दोन्ही गोष्टींना नकार दिला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रांना त्यात गंमत वाटली. या कैद्यांना शहरातल्या शाळा दाखवायला नेलं, तेव्हा पाढे किती निरुपद्रवी असतात हे त्यांना कळावं, अशा थाटात बातमी छापून आली. भीती पाढ्यांची नव्हतीच. शिकून परतलेलं मूल आपल्याशी कुठल्या भाषेत बोलेल, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. ऑगस्टमध्ये त्यांना घरी सोडलं. त्यानंतरही ओराइबीतला विरोध मावळला नाही.

आज पर्यटक पाहतात त्या कोठड्यांची इमारत १९१२ मधली. म्हणजे हे १९ जण त्या कोठड्यांत कधी नव्हतेच. अल कपोनची कोठडी शोधत फिरणाऱ्या गर्दीत त्यांची आठवण सहज हरवते.

पण बेटाने पुढे आणखी एक शाळा पाहिली. तुरुंग बंद पडल्यावर, २० नोव्हेंबर १९६९ रोजी वेगवेगळ्या जमातींच्या मूळ अमेरिकन तरुणांनी बेटाचा ताबा घेतला. ११ जून १९७१ पर्यंत ते तिथे राहिले. सोबत कुटुंबं होती, लहान मुलं होती, म्हणून त्यांनी तिथे स्वतःची शाळा चालवली. तिचं नाव बिग रॉक स्कूल. ज्या बेटावर शाळा नाकारल्याबद्दल कैद झाली, तिथेच पाऊणशे वर्षांनी त्यांनी आपल्या मुलांसाठी आपल्या पद्धतीने वर्ग भरवला. त्यांना शिक्षण नकोसं कधीच नव्हतं.

हे वाचताना मला आपल्या शाळेची पालकसभा आठवते. माझी आई फार शिकलेली नव्हती, पण बाईंशी ती मोकळेपणाने बोलायची, कारण बाई तिच्याच भाषेत बोलायच्या. संध्याकाळी घरी गेल्यावर दिवसभरात काय शिकलो ते आपण आजीलाही सांगू शकायचो. पुढे इंजिनिअरिंगला इंग्रजी आलं, नोकरीत तर तेच आलं. पण तोवर पाया भरून झाला होता. आपल्याला हे इतकं साधं वाटायचं, की त्याबद्दल शिक्षकांचे आभार मानायचं सुचलंही नाही. ते आज मानते.

तुमच्यापैकी कुणी अल्कट्राझला गेलंच, तर कोठड्या बघून झाल्यावर पाण्याच्या उंच टाकीकडेही पाहा. ताबा घेणाऱ्यांनी तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलेला मजकूर २०१२ मध्ये पुन्हा रंगवून जपला आहे.