एक तार, अनेक कान : कॉन्फरन्स कॉलची शिस्त

प्रतिनिधी

इगतपुरी - कसारा घाटात ३७ फुटांमागे एक फूट असा खडा चढ आहे. तो पार करण्यासाठी अनेक गाड्यांना कसाऱ्याला मागून बँकर इंजिने जोडावी लागतात. अशा वाहतुकीचे नियंत्रण रेल्वेच्या कंट्रोल फोनवरून चालत आले आहे. त्याच्या एकाच वाहिनीवर अनेक स्थानके असतात. कार्यालयांत कॉन्फरन्स कॉल रुळण्यापूर्वीच रेल्वेने त्याची शिस्त घालून दिली होती. आधी आपली ओळख, मग मोजका मजकूर आणि शेवटी ऐकणाऱ्याने तो पुन्हा म्हणून दाखवणे. महत्त्वाच्या निरोपाची खात्री पटावी म्हणून 'प्रायव्हेट नंबर'ही दिला जातो. चुकीच्या ऐकलेल्या शब्दाची किंमत तेथे जिवाची असू शकते.

२०२०च्या टाळेबंदीपासून अनेकांच्या बैठका फोनवर आल्या. त्यांनाही हीच शिस्त उपयोगी पडते.

पूर्वतयारी : जोडणीचा क्रमांक व पिन हाताशी ठेवून पाच मिनिटे आधी सज्ज असावे. अमेरिकेच्या बहुतेक भागांत मार्च व नोव्हेंबरमध्ये घड्याळे एक तास सरकतात, भारतात नाही. त्यामुळे तेथील सहकाऱ्यांशी भारतीय वेळेनुसारच खातरजमा करावी.

जागा : शांत खोली उत्तम. मुंबई-नाशिक रेल्वेप्रवासात असल्यास घाट ओलांडेपर्यंतची वेळ टाळावी. बोगद्यांत संपर्क तुटतो.

म्यूट : बोलत नसताना फोन म्यूट ठेवावा. दुसरा कॉल आला तरी बैठक 'होल्ड'वर टाकू नये. होल्डचे संगीत साऱ्यांना ऐकावे लागते.

बोलणे : चेहरा दिसत नसल्याने प्रत्येक वेळी आधी नाव सांगावे. प्रश्न 'कोणी सांगेल का' असा न विचारता व्यक्तीचे नाव घेऊन विचारावा. दोघे एकदम बोलू लागल्यास एकाने थांबावे.

आकडे : एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत फोनवर सहज गल्लत होते. 'पाच-नऊ', 'सहा-नऊ' असे अंक सुटे सांगावेत व समोरच्याकडून वदवून घ्यावेत.

सावधगिरी : लाइनवर कोण आहे हे कळल्याखेरीज गोपनीय विषय काढू नये. अनोळखी व्यक्तीने दुसरा कॉल 'मर्ज' करण्यास सांगितल्यास साफ नकार द्यावा. तो बँकेचा ओटीपी सांगणारा स्वयंचलित कॉल असू शकतो आणि जोडताच ओटीपी भामट्याच्या कानी पडतो. या फसवणुकीबाबत २०२५ मध्ये यूपीआयतर्फे इशारा देण्यात आला होता.

समारोप : कोणते काम कोणी, केव्हापर्यंत करायचे, हे शेवटी मोठ्याने वाचून दाखवावे. त्यावर सर्वांचा होकार घ्यावा. फोन खरोखरच बंद झाल्याची खात्री होईपर्यंत मात्र बैठकीबद्दल अवाक्षर काढू नये. तार तुटली असे वाटते, तेव्हाही कान जोडलेले असू शकतात.