माँटगोमरीच्या मोलकरणी

इतिहासावर काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला राजेरजवाडे आठवले नाहीत. अमेरिकेतील माँटगोमरी शहरच्या मोलकरणी आठवल्या.

१ डिसेंबर १९५५ रोजी तेथे शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्सबाईंनी बसमधली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडली नाही, म्हणून त्यांना अटक झाली. ५ तारखेपासून काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला. तो ३८१ दिवस टिकला. गोऱ्यांच्या घरी धुणे-स्वयंपाक करणाऱ्या कितीतरी बायका मैलोगणती पायी चालू लागल्या.

चळवळीचे पुढारी पाद्री मार्टिन ल्यूथर किंग तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे. ३० जानेवारी १९५६ च्या रात्री त्यांच्या घरावर बॉम्ब पडला. आत पत्नी व तान्ही मुलगी होती, दोघी बचावल्या. दारात जमाव जमला, काहींच्या हाती शस्त्रे. किंग यांनी त्यांना शस्त्रे घरी न्यावयास सांगितले. शत्रूवर प्रेम करणे ही ख्रिस्ताची आज्ञा आहे, असे बजावले. हे प्रेम म्हणजे आवड नव्हे, असे ते पुढे प्रवचनांतून सांगत. विरोधकाचे वाईट चिंतायचे नाही. पण त्याच्या अन्यायाला हातभारही लावायचा नाही. बस रिकाम्याच धावत राहिल्या.

गोऱ्या गृहिणींचे काय? कित्येकजणी आपल्या मोलकरणींना मोटारीतून आणू-पोहोचवू लागल्या. असे करू नका, असे महापौरांनी जाहीरपणे सांगितले, तरी पुष्कळजणींनी ऐकले नाही. ही माया, की घरकामाची सोय? मला वाटते, दोन्ही. त्याही रविवारी तेच बायबल वाचीत. बसमधली वेगळी जागा मात्र बहुतेकींना खुपली नाही.

हे लिहिताना माझीच लेखणी अडखळते. माझ्या माहेरी भांडीवालीवर सर्वांचा जीव. तिच्या लेकीच्या बाळंतपणात आईने डिंकाचे लाडू केले होते. पण तिचा चहाचा कप मोरीजवळच्या कोनाड्यात वेगळा असे. लग्न होईपर्यंत मी तो रोज पाहिला, आणि एकदाही विचारले नाही.

किंग यांच्याजवळ डॉक्टरेट होती, चर्च होते. जॉर्जिया गिल्मोर या स्वयंपाकीणबाईंजवळ फक्त नोकरी होती. किंग यांच्या खटल्यात साक्ष दिल्यावर तीही गेली. मग त्या घरीच रांधून विकू लागल्या. त्यांनी बायकांचे एक मंडळ काढले होते. पैसे कोणी दिले हे कळू नये, म्हणून त्याचे नाव ‘कुठलाच नसलेला क्लब’! त्यांच्या हातचे खाणाऱ्यांत गोरेही असत, आणि क्लबचा पैसा मोलकरणींना नेणाऱ्या गाड्यांच्या पेट्रोलला जाई.