ओघवते वाचन

ओघवते वाचन किंवा अस्खलित वाचन म्हणजे लिखित मजकूर अचूकपणे, योग्य गतीने आणि अर्थाला साजेशा आरोह-अवरोहांसह वाचण्याची क्षमता होय. प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तांमध्ये अक्षरओळख आणि आकलन यांना जोडणारा टप्पा म्हणून तिच्याकडे पाहिले जाते. अमेरिकेतील नॅशनल रीडिंग पॅनेलच्या २००० सालच्या अहवालात ध्वनिजाणीव, अक्षर-ध्वनिसंबंध, शब्दसंपत्ती आणि आकलन यांच्या बरोबरीने वाचनातील ओघाचा विचार केलेला आहे.

सैद्धांतिक आधार

डेव्हिड लाबर्ज आणि जे सॅम्युएल्स यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार वाचकाची अवधानक्षमता मर्यादित असते. प्रत्येक शब्द फोडून वाचण्यात ती खर्ची पडल्यास अर्थाकडे लक्ष देण्यासाठी ती पुरेशी उरत नाही. वाक्याच्या शेवटापर्यंत पोहोचताना मूल सुरुवातीचे शब्द विसरून जाते. सरावाने शब्दओळख सहज झाली, की हे अवधान आकलनासाठी मोकळे होते.

मराठी वाचनातील वैशिष्ट्ये

देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचा संबंध बराच नियमित असला, तरी नवशिक्या वाचकापुढे काही अडचणी येतात.

• ऱ्हस्व इकाराची खूण व्यंजनाच्या आधी लिहिली जाते, पण तिचा उच्चार नंतर होतो (किती).
• रफाराची खूण ज्या अक्षरावर असते, त्याच्या आधी 'र'चा उच्चार होतो (सूर्य). 'दर्या' (समुद्र) आणि 'दऱ्या' (दरीचे अनेकवचन) यांतील भेदही लक्षात ठेवावा लागतो.
• 'करवत' या शब्दातील 'र' आणि 'त' यांमधील अकार बोलताना लोप पावतो. अक्षरे सुटी वाचणाऱ्या मुलाला त्यामुळे ओळखीचा शब्दही अनोळखी वाटतो.
• 'जग' (विश्व) आणि 'जग' (जगणे या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप) यांचे लेखन एकच असून 'ज'चा उच्चार वेगळा आहे. योग्य उच्चार संदर्भावरूनच ठरतो.

अध्यापनपद्धती

आदर्श वाचन: शिक्षक मजकूर स्पष्टपणे वाचून दाखवतात. 'तू आलास.' आणि 'तू आलास?' यांसारख्या वाक्यांतून स्वराचा अर्थाशी असलेला संबंध लक्षात येतो.

अनुवाचन व समूहवाचन: शिक्षकांच्या मागोमाग किंवा त्यांच्यासोबत सर्वांनी वाचल्याने चुकण्याची भीती कमी होते. मात्र मुलांची नजर मजकुरावर नसल्यास हे केवळ पाठांतर ठरते.

पुनर्वाचन: सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये वर्णिलेल्या या पद्धतीत लहान उतारा पुरेसा ओघ येईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचला जातो. मार्गदर्शनाखालील प्रकट पुनर्वाचनाचा शब्दओळख, ओघ आणि आकलन यांवर अनुकूल परिणाम होतो, असा निष्कर्ष नॅशनल रीडिंग पॅनेलने काढला.

जोडीवाचन: सरावलेले आणि नवशिके मूल एकच मजकूर आळीपाळीने वाचतात. संपूर्ण वर्गात एकेकाने वाचण्याच्या तुलनेत प्रत्येकाला अधिक सराव मिळतो.

पदसमूहवाचन: 'काल रात्री / आजीच्या अंगणात / एक मांजर आले' अशा अर्थपूर्ण तुकड्यांत वाक्य वाचले जाते.

नाट्यवाचन: संवाद भूमिकेनुसार वाचले जातात. पुन्हा पुन्हा वाचण्याला त्यामुळे स्वाभाविक कारण मिळते.

मापन

ओघाचे मापन सामान्यतः मिनिटभराच्या प्रकट वाचनाने करतात. एकूण वाचलेल्या शब्दांतून चुकलेले शब्द वजा केले जातात. उदाहरणार्थ, ५२ पैकी ७ शब्द चुकल्यास गती मिनिटाला ४५ अचूक शब्द अशी नोंदवली जाते. भारत सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीसाठी किमान ६० शब्द अर्थासह वाचण्याचे उद्दिष्ट आहे.

मर्यादा

गती हे ओघाचे केवळ एक लक्षण आहे. घड्याळावरच भर दिल्यास मुले विरामचिन्हे ओलांडून, अर्थ न समजता भराभर वाचू लागतात. म्हणून वाचनानंतर उताऱ्यावर प्रश्न विचारणे किंवा गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायला लावणे आवश्यक मानले जाते. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात. 'घरासमोरच्या' या एका शब्दाचा आशय इंग्रजीत अनेक शब्दांत विभागला जातो. त्यामुळे इंग्रजी वाचनाचे शब्दसंख्येवर आधारित निकष मराठीला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. कोरकू, गोंडी, भिल्ली किंवा वारली घरभाषा असलेल्या मुलांचे उच्चारभेद आणि वाचनातील खऱ्या चुका यांत फरक न केल्यास त्यांची क्षमता प्रत्यक्षापेक्षा कमी नोंदवली जाण्याची शक्यता असते.