अद्-दुर्र अल्-मुख्तार

हनफी विधिसंप्रदायातील प्रसिद्ध अरबी टीकाग्रंथ. कर्ता दमास्कसचा मुफ्ती अलाउद्दीन अल्-हस्कफी (मृ. १६७७). गाझा येथील अल्-तिमुर्ताशीच्या तन्वीर अल्-अब्सार या सोळाव्या शतकातील ग्रंथावरील हे भाष्य होय. मूळ वाक्यातील शब्दांमध्ये टीकाकाराने आपले शब्द अशा खुबीने गुंफले आहेत, की दोन्ही मिळून एकच सलग वाक्य होते. म्हणून हस्तलिखितांत मूळ शब्द तांबड्या शाईने लिहीत किंवा त्यांवर रेघ ओढीत. लेखनिकाकडून ही खूण सुटली, तर नियम कोणता आणि त्यावरील मत कोणते, हे सहजी उमगत नाही. संक्षेपाचा सोसही ग्रंथास बाधला. यावर रद्द अल्-मुहतार हे विस्तृत विवरण लिहिणारा दमास्कसचाच विधिज्ञ इब्न आबिदीन (१७८४–१८३६) याने, केवळ या ग्रंथाच्या आधारे फतवा देऊ नये, असे बजावले आहे.