पेडल जवळ यायला इतकी वर्षं का लागली?

मागच्या शनिवारी मी टेक्ससमधल्या आमच्या गॅरेजमध्ये, जुन्या फोर्ड एफ-150 पिकअपच्या डॅशबोर्डखाली उताणा पडलो होतो. बायकोची उंची 4 फूट 11 इंच. पेडलला पाय पुरवायचा तर सीट इतकी पुढे, की स्टिअरिंग छातीपासून जेमतेम 7 इंचांवर!

यामागे इतिहास आहे. अमेरिकेत 1991च्या कायद्याने एअरबॅग सक्तीची झाली; कारना 1998च्या मॉडेलपासून, पिकअपना 1999च्या. पण तेव्हाच्या बॅगा फार जोरात फुगायच्या. कमी वेगाच्या धडकेतही काही चालकांचा जीव बॅगेनेच घेतला. त्यात स्टिअरिंगला चिकटून बसणाऱ्या, कमी उंचीच्या बायका बऱ्याच. मग सरकारी सल्ला आला: छाती आणि स्टिअरिंगमध्ये किमान 10 इंच ठेवा.

पण पाय पुरणार कसा? सीट राहू दे मागेच, पेडल पुढे आणा! फोर्डने 1999च्या एक्सपिडिशनमध्ये बटणावर सरकणारी पेडल दिली. एक छोटी मोटर केबलने दोन्ही पेडलचे स्क्रू फिरवते. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर सोबतच सरकतात.

मी भंगारातल्या त्याच मॉडेलच्या गाडीतून अख्खा सेट आणला. ब्रेकचा रॉड जोडला, वायरिंग ओढलं, स्विच बसवला. ब्रेकशी खेळ नको, म्हणून मेकॅनिककडून तपासूनही घेतलं.

संध्याकाळी बायको बसली, बटण दाबलं, मी टेप लावली. 11 इंच.

चला, भेटू पुढच्या भागात!