खळ्यावरचा बागेश्री

अमडापूर मागं टाकून तुम्ही वावरात उतरता तेव्हा दोन्ही अंगांनी सोयाबीन आहे. वर्षं उलटी सरकायला लागली की सगळ्यात आधी तेच नाहीसं होतं. मग मोटारपंपांचे आवाज थांबतात, ज्वारी पुरुषभर वाढते, कपाशीला जागा मिळते. १९६८ च्या मार्गशीर्षात थांबा. शनिवार आहे, रात्रीचे साडेनऊ होत आलेत.

खळ्यावर कणसांची रास, तिच्या जागलीला एक म्हातारा आणि त्याचा नातू. कोण, कुठले, असं कुणी विचारत नाही. "बसा ना भाऊ," एवढंच, आणि घोंगडीचं एक टोक तुमच्याकडं सरकतं. शेकोटीजवळ कातडी कव्हरातला ट्रान्झिस्टर. त्याचा परवाना पोस्टातून काढलेला, घरी पेटीत जपून ठेवलाय. सेल दिवसभर उन्हात ठेवले होते. तेवढ्यानं तासभर तरी दम धरतात, असं पोराचं म्हणणं.

रेडिओवर संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागलाय; आकाशवाणीवर तो १९५२ पासून शनिवारी रात्री चालत आलाय. निवेदिका नाव सांगते, पण नेमकं ते खरखरीत जातं. पोरगा रेडिओ हळूहळू फिरवतो. आत फेराईटची कांडी आहे, तीच एरियल. तिची कूस केंद्राकडं वळली की आवाज उजळतो, टोक वळलं की मरतो. पोराला फेराईट ठाऊक नाही. हाताला ठाऊक आहे.

आणि सूर लागतो.

"सारंगी व्हय का रे?"

"नाही आबा, फिडल. चिखलीले नाटकवाल्यापाशी होतं ना, ते."

बागेश्री आहे. गज मध्यमावर येऊन थांबतो आणि थांबूनच राहतो. खरखर वर येते, ओसरते, मध्यम तिथंच असतो. कोमल गंधाराला नुसता स्पर्श, पुन्हा मध्यम. पंचमाची कुणाला घाई नाही. डोळे मिटलेत तर वादक दिसेल: मांडी घातलेली, व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवलेलं. वाद्य असं तोललं गेलं की डावा हात मोकळा होतो आणि तारेवरून घसरत जाऊ शकतो. पडदे नाहीतच, अडवणार कोण? म्हणून तर आबांना सारंगी वाटली, आणि माझ्या मते त्यांचं फार चुकलं नाही.

वाजवतंय कोण? तुम्ही पुढच्या काळातून आलात, ओळखायला हवं. श्रीधर पार्सेकर १९६४ सालीच गेले. वि. गो. जोग असतील? बिस्मिल्ला खाँच्या सनईला तोडीस तोड उत्तर देणारे जोग. त्यांचा गज लयीशी खेळतो. हा तर गातोय. म्हणजे दातार, द. वि. पलुस्करांना साथ केलेले डी. के. दातार. त्यांची पद्मश्री अजून छत्तीस वर्षं दूर आहे. पैज मात्र लावू नका, खरखर फार आहे.

बैल रवंथ करतायत. विस्तवात एक पऱ्हाटी तडकते.

"झोपव आता त्याले," आबा म्हणतात. "सकाळच्या बातम्याले सेल पायजेत."

गज मध्यमावरून गंधारावर येतो, तिथून रिषभावर, आणि पोरगा बटण फिरवतो. टक्.

घोंगडी ओढून घेता घेता आबा नाकातल्या नाकात षड्ज लावतात. जरा उतरलेलाच.